डोळे मिळाले, आता पाहायला शिकायचे: डॉ. पवन सिन्हा यांचे संशोधन आणि 'गेल्या जन्मीचे भोग'

जन्मतः दृष्टी नसलेले मूल घरात आले की दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. पहिले लगेच: "गेल्या जन्मीचे काहीतरी असणार." दुसरे, मूल आठ-दहा वर्षांचे झाल्यावर: "आता ऑपरेशन करून काय उपयोग? वेळ गेली." पहिले वाक्य आपल्या वस्त्यांमधून 1956 नंतर हद्दपार व्हायला हवे होते. ते झालेले नाही, हे विहारात नियमित येणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. दुसरे वाक्य मात्र अंधश्रद्धेतून आलेले नव्हते. त्याच्या मागे नोबेल पारितोषिक मिळालेले विज्ञान उभे होते, आणि म्हणून ते तपासून पाहायलाही विज्ञानच लागले.

ही तपासणी ज्यांनी केली त्यांचे नाव डॉ. पवन सिन्हा. दिल्लीच्या आयआयटीतून संगणकशास्त्राची पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले आणि आज मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेत मेंदू आणि दृष्टी या विषयाचे प्राध्यापक आहेत. मेंदू पाहायला कसा शिकतो, हा त्यांच्या अभ्यासाचा प्रश्न. 2002 साली भारतात आले असताना रस्त्याच्या कडेला भीक मागणारी, डोळ्यांत मोतीबिंदू असलेली लहान मुले त्यांनी पाहिली. मोतीबिंदू म्हाताऱ्या माणसांना होतो अशी आपली समजूत असते. ही मुले तो घेऊनच जन्मली होती. श्रीमंत देशात अशा बाळाचे ऑपरेशन पहिल्या काही आठवड्यांत होऊन जाते. इथे ती मुले तशीच मोठी होत होती. सिन्हा यांनी दिल्लीच्या डॉ. श्रॉफ धर्मादाय नेत्र रुग्णालयातील डॉक्टरांना सोबत घेतले आणि 'प्रोजेक्ट प्रकाश' हे काम सुरू झाले. गावोगावी आणि अंधशाळांमध्ये जाऊन मुलांची तपासणी करायची, ज्यांचे अंधत्व उपचाराने जाऊ शकते त्यांचे ऑपरेशन मोफत करायचे, आणि मुलाची व पालकांची तयारी असेल तर दृष्टी आल्यानंतर त्याचा मेंदू काय करतो याचा अभ्यास करायचा. आतापर्यंत हजारो मुलांची तपासणी आणि शेकडो मुलांवर उपचार झाले आहेत.

गरिबांच्या मुलांवर प्रयोग, असा आक्षेप कुणाच्याही मनात येईल. आपल्या लोकांच्या मनात तर यायलाच हवा; आपल्या शरीरांचा इतरांनी काय काय उपयोग केला, हा इतिहास आपल्याला माहीत आहे. पण इथे केलेले प्रयोग म्हणजे चित्रे दाखवणे, ठोकळे हातात देणे, "हे काय दिसते?" असे विचारणे. उपचार त्या मुलाच्या गरजेसाठी आहे. अभ्यास त्यानंतरचा.

डोळा आणि पाहणे

शाळेत आपल्याला डोळा म्हणजे कॅमेरा असे शिकवले जाते. समोर भिंग, मागे पडदा, पडद्यावर उलटी प्रतिमा. इथपर्यंत ठीक आहे. पण कॅमेरा काही पाहत नाही. फोटो पाहायला माणूस लागतो. मग डोळ्याच्या पडद्यावरचा फोटो कोण पाहतो? आत बसलेला आणखी एक छोटा माणूस? हिशेब करून पाहा. पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या बारा कोटींहून अधिक पेशी आहेत, पण तिथून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूचे धागे दहा-बारा लाखांच्या घरात. म्हणजे फोटो जसाच्या तसा पाठवण्याची सोयच नाही. जाते ते निवडलेले आणि आटवलेले. जगाचे चित्र त्यातून मेंदू पुन्हा उभे करतो.

हे घरच्या घरी पडताळता येते. कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढा, तिच्या उजवीकडे सात सेंटीमीटरवर ठळक ठिपका काढा. डावा डोळा हाताने झाका. उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघत कागद हळूहळू जवळ आणा. पंचवीस-तीस सेंटीमीटरच्या आसपास ठिपका नाहीसा होईल. जिथून मज्जातंतू डोळ्याबाहेर पडतो तिथे पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात, आणि ठिपका नेमका त्या जागी पडलेला असतो. गंमत त्याच्या पुढे आहे. ठिपका गेला तरी तिथे काळे भोक दिसत नाही, कोरा कागद दिसतो. त्या जागची खबर आलेलीच नसताना मेंदूने आजूबाजूचे बघून ती भरून काढली. दोन्ही डोळे उघडे असले की एका डोळ्याची उणीव दुसरा झाकतो, म्हणून हे आपल्या कधी लक्षातही येत नाही.

तेव्हा पाहणे हे मेंदूचे काम आहे, आणि मेंदू ते काम शिकतो. कधी शिकतो? 1960 च्या दशकात डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन विझेल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा जन्मानंतर काही काळ शिवून ठेवला. पुढे टाके काढले तेव्हा डोळा धडधाकट होता, तरी पिल्लू त्या डोळ्याने जवळपास आंधळेच राहिले. मेंदूतल्या दृष्टीच्या भागाने त्या डोळ्याकडे लक्ष देणे सोडून दिले होते. मोठ्या मांजरावर हाच प्रयोग केला तर असे होत नव्हते. म्हणजे बालपणात एक मुदत असते, तिच्यात अनुभव मिळाला नाही तर दार बंद होते. या दोघांना 1981 चे नोबेल मिळाले. आठ-दहा वर्षांच्या जन्मांध मुलाचे ऑपरेशन करण्यात अर्थ नाही, ही डॉक्टरांची धारणा बरीचशी अशा संशोधनावर उभी होती.

दोन दिवसांची दृष्टी

सिन्हा यांच्याकडे आलेल्या मुलांनी या धारणेची परीक्षा घेतली. पण त्याआधी एक जुना प्रश्न सुटला, तो सांगायला हवा.

1688 साली आयर्लंडमधल्या विल्यम मॉलिन्यू नावाच्या विद्वानाने तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना पत्र लिहून विचारले: जन्मांध माणूस हाताने चाचपून गोल आणि घन ओळखतो. उद्या त्याला अचानक दृष्टी आली, तर हात न लावता नुसते पाहून तो गोल कोणता आणि घन कोणता हे सांगू शकेल का? मॉलिन्यू यांच्या पत्नीची दृष्टी गेलेली होती, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्यासाठी निव्वळ वादविवादाचा नसावा. पुढची तीनशे वर्षे मोठमोठ्या तत्त्वज्ञांनी त्यावर पाने भरली. प्रयोग कसा करणार? आठ-दहा वर्षांचे, बोलून उत्तर देऊ शकणारे, जन्मापासून आंधळे आणि तरीही बरे होऊ शकणारे मूल युरोपात सापडणे कठीण. ते भारतात सापडत होते. ही काही आपण मिरवावी अशी गोष्ट नाही.

2011 साली रिचर्ड हेल्ड, सिन्हा आणि सहकाऱ्यांनी याचे उत्तर प्रसिद्ध केले. आठ ते सतरा वर्षांची पाच मुले, ऑपरेशनला जेमतेम दोन दिवस झालेले. खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखे आकार, मंद नजरेलाही दिसतील इतके मोठे. आधी एक ठोकळा हाताने चाचपायचा, मग दोन ठोकळ्यांतून तोच पुन्हा चाचपून ओळखायचा: 98 टक्के बरोबर. एक पाहायचा आणि दोनांतून तोच पाहून ओळखायचा: 92 टक्के. म्हणजे नजर पुरेशी होती. मग एक चाचपायचा आणि दोनांतून तोच नुसता पाहून ओळखायचा: 58 टक्के. नाणे उडवले तरी 50 टक्के येतात. हाताला ओळखीचा असलेला आकार डोळ्याला अनोळखी होता. मॉलिन्यू यांच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आले.

मात्र त्यातल्या काही मुलांची पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा, काही दिवसांतच, कुणी शिकवणी न घेता, हीच मुले पाहून ओळखू लागली होती. हात आणि डोळा यांचे नाते जन्मजात नव्हते, पण जुळायला वर्षेही लागली नाहीत.

एस. के. या आद्याक्षरांनी शोधनिबंधात येणाऱ्या तरुणाची हकिगत आम्हाला याहून मोलाची वाटते. त्याच्या डोळ्यांत जन्मतःच भिंग नव्हते. त्याला ऑपरेशनचीही गरज नव्हती. जाड भिंगाचा चष्मा पुरेसा होता. तो वयाच्या 29 व्या वर्षी मिळाला. एका चष्म्याअभावी गेलेली 29 वर्षे!

चष्मा लागल्यावर त्याला काय दिसले? एकमेकांवर आलेले वर्तुळ आणि चौकोन दाखवले तर तो तीन वस्तू सांगे: एक तुकडा, दुसरा तुकडा आणि मधला एकत्र आलेला भाग. चेंडू आणि त्याची सावली दाखवली तर सावलीही वेगळी वस्तू. छायाचित्रातल्या प्रत्येक रंगाचा, प्रत्येक उजेडाचा पट्टा त्याला सुटा दिसे. आपल्याला गाय दिसते तिथे त्याला पांढरे डाग, काळे डाग, उन्हाचा कवडसा दिसणार. गाय कुठे संपते आणि मागची भिंत कुठे सुरू होते, हे डोळा सांगत नाही. ते मेंदूने शिकायचे असते, आणि आपण ते इतक्या लहानपणी शिकलो की शिकलो होतो हेच विसरलो.

त्याला वाट दाखवली ती हालचालीने. तेच आकार पडद्यावर सरकू लागले की तो चटकन ओळखायचा. जे तुकडे एकत्र हलतात ते एका वस्तूचे, हा नियम त्याच्या मेंदूने पकडला, आणि काही महिन्यांनी स्थिर चित्रातल्या वस्तूही तो वेगळ्या काढू लागला. एकोणतिशीत! लहान वयात मुदत संपते, हे म्हणणे इतके सरसकट खरे नव्हते. चेहऱ्यांचेही तसेच. नव्याने दृष्टी आलेली मुले सुरुवातीला चेहरा आणि चेहऱ्यासारखे दिसणारे दुसरे काही यात गोंधळतात, पुढच्या महिन्यांत सुधारतात.

सगळे शिकावे लागते असाही निष्कर्ष काढायला नको. दोन सारख्या लांबीच्या रेघांना टोकाला उलटसुलट बाण जोडले की एक लांब आणि एक आखूड दिसते, हा दृष्टिभ्रम पुस्तकांत असतो. पाहण्याच्या सवयीने आपण असे फसतो, असे अनेकांना वाटत होते. 2015 मध्ये याच गटाने ऑपरेशननंतर लगेच नऊ मुलांना हा आणि असाच आणखी एक भ्रम दाखवला. ज्यांना पाहण्याची सवयच नव्हती, तीही फसली. म्हणजे मेंदू कोरी पाटी नाही. काही रेघा तिच्यावर आधीच आखलेल्या आहेत.

आणि 2024 मधले निष्कर्ष तर बाळाच्या अपुऱ्या नजरेकडे नव्याने पाहायला लावतात. ही मुले रंगीत चित्रातल्या वस्तू बऱ्यापैकी ओळखतात, पण तेच चित्र कृष्णधवल केले की अडखळतात. डोळस मुलांना असा फारसा फरक पडत नाही. संशोधकांचे स्पष्टीकरण असे: नवजात बाळाला रंग नीट दिसत नाहीत, त्यामुळे त्याचा मेंदू आधी उजेड-अंधारावरून आकार ओळखायला शिकतो आणि रंग नंतर येतात. प्रकाशच्या मुलांना दृष्टी आली तेव्हा डोळ्याचा पडदा वाढलेला होता, रंग पहिल्याच दिवशी पूर्ण आले आणि मेंदू त्यांच्यावरच विसंबला. संगणकालाही आधी कृष्णधवल आणि मग रंगीत चित्रे शिकवली, तर तो दोन्ही प्रकारची चित्रे अधिक भरवशाने ओळखतो असे त्यांनी दाखवले.

उशिरा केलेले ऑपरेशन म्हणजे सगळे भरून निघाले असे नाही, हेही इथेच सांगतो. बारीक अक्षर वाचण्याइतकी तीक्ष्ण नजर बहुतेकांना येत नाही, अनेकांच्या बुबुळांची थरथर राहून जाते. पहिल्या आठवड्यांतले ऑपरेशन ते पहिल्या आठवड्यांतलेच. पण ज्याची वेळ गेली असे म्हणून आपण घरी बसवतो, त्याला वाट चालता येईल, माणसे ओळखता येतील, काम करता येईल इतके मिळू शकते.

हे तथागतांनी आधीच सांगितले होते का?

आपल्याकडे असा लेख लिहिला की एक वाक्य अपेक्षित असते: विज्ञानाने आज शोधले ते भगवान बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितले. आम्ही ते लिहिणार नाही. वेदांत विमाने शोधणाऱ्यांना आपण हसतो, तर तोच नियम आपल्यालाही लागू करायला हवा. सुत्तपिटकात मज्जातंतू नाहीत.

आहे ते वेगळे आहे, आणि कमी मोलाचे नाही. मज्झिम निकायातल्या मधुपिण्डिक सुत्तात पाहण्याची क्रिया टप्प्याटप्प्याने सोडवून दाखवली आहे. डोळा आणि रूप यांच्या आधाराने चक्खुविञ्ञाण उपजते; तिघे एकत्र येतात तो फस्स; त्यातून वेदना; मग सञ्ञा, म्हणजे 'हे अमुक' अशी ओळख; आणि त्या ओळखीवर मनाने रचलेला पसारा. इथे आत बसून पाहणारा आत्मा कुठेच नाही. कारणे जुळली की पाहणे घडते, एक कारण नसले की घडत नाही. एस. के. ला चष्मा मिळाला तेव्हा डोळा आला, रूप आले, पण सञ्ञा अजून घडायची होती. आमच्या वाचण्यात सञ्ञा या शब्दाचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे आलेले नाही. पाच खंधांवर प्रवचन देताना ते वापरायला हरकत नसावी.

त्याच निकायात मागन्दिय सुत्त आहे. कुरू देशात, म्हणजे आजच्या दिल्ली-हरियाणाच्या परिसरात, दिलेला उपदेश. त्यात जन्मांध माणसाचा दृष्टान्त येतो. शुभ्र वस्त्राची स्तुती ऐकून तो ते शोधायला निघतो. कुणीतरी त्याला तेलकट, मळकट फडके देऊन हे घे शुभ्र वस्त्र म्हणते, आणि तो ते आनंदाने पांघरतो. मग त्याचे नातलग काय करतात? वैद्याला बोलावतात. उपचार होतात, दृष्टी येते, आणि फडक्याचा मोह जातो. दृष्टान्त निर्वाणाविषयीचा आहे, हे खरे. तरी त्यातल्या नातलगांकडे लक्ष द्यावे. मागच्या जन्माची चौकशी त्यांनी केली नाही.

ती चौकशी नंतरच्या ग्रंथांत आली. धम्मपदाच्या अट्ठकथेतली पहिलीच कथा चक्खुपाल थेरांची. त्यांचे अंधत्व पूर्वजन्मीच्या दुष्कृत्याचे फळ, असे तिथे सांगितले आहे. ही अट्ठकथा तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे हजार वर्षांनी श्रीलंकेत सिद्ध झाली, आणि आजही काही ठिकाणी वर्षावासात ही कथा जशीच्या तशी सांगितली जाते. समोर बसलेल्या आईच्या मांडीवर तसे मूल असेल तर तिने काय ऐकायचे? याउलट संयुत्त निकायातल्या सीवक सुत्तात मोळिय सीवक हा परिव्राजक नेमके हेच विचारतो: माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्मामुळे, असे म्हणणाऱ्यांविषयी आपले मत काय? तथागत पित्त, कफ, वात, ऋतुबदल, निष्काळजीपणा, इजा अशी कारणे एकेक करून सांगतात, आणि सगळ्याचे खापर पूर्वकर्मावर फोडणारे चुकतात असे स्पष्ट करतात.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वकर्माचा सिद्धान्त नाकारला, तो याच वाटेने पुढे जाऊन. मूल आईबापांकडून शरीर घेते, तर गेल्या जन्मीचे कर्म त्यात शिरते कुठून, असा त्यांचा रोख आहे. आणि हा सिद्धान्त कुणाच्या सोयीचा आहे तेही त्यांनी दाखवून दिले: गोरगरिबांच्या हालाखीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला टाळता यावी, याखेरीज त्याचा दुसरा उपयोग त्यांना दिसत नव्हता. 29 वर्षे न मिळालेला चष्मा डोळ्यांसमोर ठेवून हा भाग पुन्हा वाचावा.

जन्मजात मोतीबिंदूची कारणे शोधायला मागच्या जन्मात जावे लागत नाही. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत आईला झालेला रुबेला हे एक मोठे कारण. गोवर-रुबेलाची लस 2017 पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली. नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिला आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरा डोस. काही वेळा दोष आनुवंशिक असतो, आणि मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी-मुलीशी लग्ने होतात तिथे अशा दोषांची शक्यता वाढते. ही चाल आपल्याकडेही आहे. पुष्कळदा कारण सापडतही नाही, पण उपचार तोच असतो.

बाळाच्या बाहुलीत पांढरट ठिपका दिसतो का, हे आईला उजेडात पाहता येते. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एक डोळा लालसर आणि दुसरा पांढरा चमकला तर तो फोटो डॉक्टरांना दाखवावा. दोन-तीन महिन्यांचे बाळ आईच्या चेहऱ्याकडे नजर लावत नसेल, डोळे सतत थरथरत असतील, तरी थांबू नये. पांढरी बाहुली क्वचित डोळ्यातल्या कर्करोगाची खूण असते, त्यात तर एकेक आठवडा महत्त्वाचा. 2013 मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदूचा समावेश आहे. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येते. पुढच्या उपचारासाठी मुलाला जिल्ह्याच्या 'डीईआयसी' केंद्राकडे पाठवले जाते आणि खर्च घरच्यांवर पडत नाही. पथक कधी येणार हे आशाताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला विचारले की कळते. मूल शाळेत जाण्याच्या वयाचे, अगदी सोळा-सतराचे झालेले असले आणि त्याला कुणी कधी तपासलेलेच नसले, तर त्यालाही न्यावे.